सामूचा आकडा वाचताना

पावसाळ्यात जळकोटच्या शिवारात सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. अनेकदा युरियाची मात्रा वाढवली जाते, पण दुखणे असते लोहाचे. चुनखडीयुक्त काळ्या रानात लोह असूनही, मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप) 8 च्या वर गेला की ते मुळांना उचलता येत नाही.

म्हणूनच हा अंक आम्ही आम्ल आणि अल्कलींना दिला आहे.

मृदा आरोग्य पत्रिका योजना 2015 मध्ये सुरू झाली. पत्रिका घरोघर पोचल्या, तरी त्यातला सामू पुरेसा वाचला जात नाही, असे आम्हाला वाटते. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी 1909 मध्ये मांडलेल्या या पट्टीवर एका अंकाचे अंतर म्हणजे दहापट फरक. 6.5 आणि 8.5 हे आकडे शेजारचे वाटतात, पण त्यांच्यात शंभरपटींचे अंतर आहे.

अंकात सिद्धांत थोडा, वापर अधिक. हळदीचे पाणी चुन्याच्या निवळीने लाल होते आणि लिंबू पिळताच पुन्हा पिवळे. शाळेतल्या मुलांसाठी हा प्रयोग सविस्तर दिला आहे. ठिबकच्या नळ्यांत साचलेले क्षार आम्लाने कसे काढावेत, यावरही लेख आहे. तिथली एक सूचना इथेच सांगतो: आम्ल नेहमी पाण्यात हळूहळू ओतावे, आम्लात पाणी कधीच नाही, उष्णतेने ते उसळून अंगावर येते.

आपल्या रानाचा सामू किती आहे आणि त्यावर कोणता उपाय लागू पडला, हे वाचकांनी आम्हाला जरूर कळवावे. निवडक पत्रे पुढील अंकात छापू.