मेवासचे कागद खापरला येऊ द्या

माननीय संचालक,
पुराभिलेख संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई



हे पत्र अक्कलकुवा तालुक्यातल्या खापरहून लिहीत आहे. काठी, चिखली, गव्हाळी ही आमच्या भागातली जुनी मेवासी, म्हणजे डोंगरी मुलखातली छोटी, संस्थानं. ब्रिटिश काळात त्यांच्यावर खानदेशच्या कलेक्टरची देखरेख असे, म्हणून 1880च्या खानदेश गॅझेटियरमध्ये त्यांची माहिती सापडते. गादीवर कोण, उत्पन्न किती, जंगल कसलं, सगळं आहे. मात्र काठीच्या होळीत मोरपिसांचा टोप घालून रात्रभर नाचणारा बुध्या कशासाठी नवस बोलला होता, हे कोणता कारकून विचारणार?

ते लिहिण्याचं काम आता आमच्या पोरांना करायचं आहे. एखादी जुनी जबानी घ्या. साहेब विचारतो, दुभाषा सांगतो, भिल देहवालीत, म्हणजे इथल्या भिली बोलीत, उत्तर देतो आणि कागदावर उतरतं ते मराठी किंवा इंग्रजी. मधल्या माणसाने काय गाळलं असेल? तो मूळ जबाब देहवालीत पुन्हा रचून बघणं म्हणजे कथाच. अट एकच: कागदातलं कोणतं आणि कल्पनेतलं कोणतं, हे शेवटी स्पष्ट लिहायचं. शिवाय जुन्या दप्तरात ज्याला दरोडेखोर ठरवलं, त्याचे नातू-पणतू शेजारच्या पाड्यात असू शकतात. त्यांना वाचून दाखवल्याशिवाय काही छापायचं नाही.

हे अगदीच नवं धाडस नव्हे. वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा भिली-मराठी कवितासंग्रह याच जिल्ह्याच्या मातीतला. 1938च्या सुमारास तळोदा भागात उभी राहिलेली गुलाम महाराजांची ‘आप’ ही आदिवासींमधली सुधारणेची चळवळ म्हाताऱ्यांच्या तोंडून अजून ऐकायला मिळते. त्या आठवणींशेजारी सरकारी कागद ठेवता आले, तर लिहिणाऱ्याला दोन्ही बाजू दिसतील.

पण हे कागद मुंबईत, आणि मुंबई इथून सुमारे चारशे किलोमीटर लांब. रोजंदारी बुडवून दप्तराचे रुमाल (कागदांची गाठोडी) चाळायला कोण येणार? म्हणून मागणी साधी आहे: मेवासविषयीच्या कागदांच्या छापील प्रती खापरच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवा. जुने कागद वाचता यावेत म्हणून आपण मोडी लिपीचे वर्ग घेता, त्यातला एक इथे घ्या. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळालाही सोबत घेता येईल.

वर्गाची तारीख मात्र होळीच्या आसपासची धरा. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली माणसं तेव्हा घरी येतात.

आपला,
खापरचा एक वाचक