चुकायचं कुणासमोर?

'काका, जरा शर्ट वर करा.' सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डात एका खाटेभोवती दहा विद्यार्थी उभे राहतात आणि एकच पोट आळीपाळीने दाबून बघतात. उपचार इथेच घ्यायचे असतात, त्यामुळे काका नाही म्हणत नाहीत. भावी डॉक्टरांच्या पहिल्यावहिल्या चुका कोण सोसतं? बहुतेक वेळा ज्याला नकार देणं परवडत नाही, तोच.

यावरचा एक उपाय साठ वर्षांहून जुना आहे. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने एका धडधाकट बाईला पेशंटची भूमिका शिकवली. विद्यार्थ्यांनी तिला तपासायचं आणि कुणी काय तपासलं, कसं वागलं, हे तिने नंतर नोंदवायचं. 'मेडिकलमध्ये हॉलिवूड' अशी थट्टा झाली, पण पद्धत टिकली. आज अनेक देशांत असे 'सिम्युलेटेड पेशंट' शिकवण्यात आणि परीक्षेतही असतात.

हे काम म्हणजे नुसतं कण्हणं नाही. आजार, घर, नोकरी, मनातली भीती असं सगळं पाठ करायचं आणि विचारलं तरच सांगायचं. दहाव्या विद्यार्थ्यालाही पहिल्यासारखंच उत्तर द्यायचं, नाहीतर परीक्षा न्याय्य कशी होणार? मग भूमिकेतून बाहेर येऊन सांगायचं, 'तुम्ही कॅन्सर म्हणालात आणि लगेच फाइलमध्ये बघितलंत. पुढचं मला काही ऐकूच आलं नाही.' खरा पेशंट हे कधी बोलेल का?

आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद आणि नीतिमत्तेचा स्वतंत्र भाग आहे, स्किल्स लॅबही आल्या. पण प्लास्टिकच्या हातावर सुई टोचायला शिकता येतं. 'तुमच्या मुलीला टीबी आहे' हे आईला कसं सांगायचं, ते शिकता येत नाही. मित्रालाच पेशंट बनवलं की दोघंही हसत सुटतात!

आक्षेप आहेत, आणि ते खरेच आहेत. वाढलेली प्लीहा किंवा हृदयातली मर्मर अभिनयाने आणता येत नाही. त्यामुळे वॉर्डला पर्याय नाहीच. मुद्दा एवढाच, की वॉर्डात पाऊल टाकण्याआधी एक तालीम झालेली असावी.

आणि कलाकारांचा तोटा आपल्याकडे कधी होता? एकांकिकांच्या सीझनमध्ये रात्र रात्र तालमी करणारी पोरं गावोगावी आहेत. मेडिकल, नर्सिंग, फिजिओथेरपीच्या कॉलेजांनी त्यांना बोलवावं, नीट ट्रेनिंग द्यावं आणि मानधनही द्यावं. 'सर्टिफिकेट देतो' म्हणून फुकट राबवू नये. दिवसभर रडण्याची भूमिका केलेल्याला सावरायला वेळ लागतो, तोही द्यावा.

उद्या ओपीडीत टेबलापलीकडे आपलेच आई-बाबा बसणार आहेत. वाईट बातमी सांगायची पहिली प्रॅक्टिस त्यांच्यावर व्हायला नको.