यार्ड नेमकं कोणत्या खात्याचं? पुढच्या हंगामाच्या कामांच्या यादीत कारखान्यांनी काय वर घ्यावं

गव्हाणीत शेवटची मोळी पडली, भोंगा वाजला, की बाहेरच्याला वाटतं कारखाना झोपला. आतमध्ये तेव्हाच कामाचा रेटा सुरू होतो. मिल उघडायची, झिजलेले रोलर लेथवर चढवायचे, बॉयलरच्या नळ्या तपासायच्या. आणि याच दिवसांत पुढच्या हंगामासाठी नवं काय करायचं, त्याची यादी संचालक मंडळापुढे जाते. नगर जिल्ह्यातल्या कारखान्यांत सध्या तेच चाललंय.

पैशाची ओढाताण खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी टनाला ३,५५० रुपये केली, उतारा १०.२५ टक्के धरून. त्याआधी २०२४-२५ च्या हंगामात ती ३,४०० होती. म्हणजे पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याला उसाच्या बिलापोटीच साडेसात कोटी जादा लागणार होते. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ ला किलोला ३१ रुपये झाला आणि पुढे अनेक वर्षं तिथंच अडकला. त्यात २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होऊन ऊस कमी पडल्याने लवकर आटोपला. पगार आणि व्याज मात्र बारा महिन्यांचंच.

त्यामुळे यादीतून काय गाळायचं, हाच मुख्य प्रश्न असतो.

यादी तयार होते ती खातेवार. चीफ इंजिनिअर मिलचं मागतो, चीफ केमिस्ट उताऱ्याचं, डिस्टिलरीवाले इथेनॉलचं. प्रत्येकाकडे आकडे असतात. यांत्रिक बिघाडाने किती तास मिल बंद राहिली, ऊस नसल्याने किती तास, हे रोजच्या रोज लिहिलं जातं. त्या कागदाच्या जोरावर काम मंजूर होतं, यात चूक काहीच नाही. अडचण अशी की, यार्डात एखाद्याचा पाय ट्रॉलीखाली गेला तरी मिल चालूच राहते. बंद तासांच्या हिशेबात तो पाय दिसत नाही.

आणि यार्ड कोणाचं, हेच ठरलेलं नाही. गाड्यांचा नंबर शेतकी खातं लावतं, जमीन स्थापत्य विभागाची, दिवे इलेक्ट्रिकलचे, गेट वॉचमनचं. ट्रॅक्टर वाहतूकदाराचा, मजूर मुकादमाचे. सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही. अवकाळी पाऊस झाला की तिथं चिखल, बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर एकाच वाटेने. रात्र रात्र नंबर लागत नाही, मग ड्रायव्हर गाडीखालीच अंग टाकतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे कारखान्याला उचल देताना पक्कं माहीत असतं. बाईमाणसासाठी यार्डाजवळ संडास बांधायचा म्हटलं की, 'मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे', असं उत्तर येतं. नाहीतर टनामागे दहा रुपये ऊसतोड कामगार महामंडळाला जातात, ते बघतील! हेच मजूर पाथर्डी-शेवगावचे, आपल्याच जिल्ह्यातले असतात, हे विशेष.

दुसरं दुर्लक्षित काम टाक्यांचं. मळी आणि स्पेंट वॉशच्या टाक्या बंद हंगामात साफ होतात. आत विषारी वायू साचतो, प्राणवायू कमी असतो. एक जण खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. अशा बातम्या अधूनमधून कुठून ना कुठून येतातच. वायू तपासायचं मीटर, हवा खेळवायचा पंखा, कमरेचा पट्टा आणि दोर, वर उभा राहणारा माणूस. नव्या टर्बाइनच्या खर्चापुढे हे किरकोळ आहे. फिरत्या यंत्राला आडोसा हवा, हे तर १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलेलं होतं. तरी दुरुस्तीला काढलेली जाळी परत न बसवताच बॉयलर पेटतो, असंही होतं.

खरी मेख वेळापत्रकात आहे. मुरूम, काँक्रीट, गटार ही कामं पाऊस लागायच्या आत किंवा उघडिपीत उरकावी लागतात. सर्वसाधारण सभा भरते सप्टेंबरात. सभासद तिथं उठून यार्डाचं बोलला की वरून 'पुढच्या वर्षी बघू' येतं, आणि ते खोटंही नसतं, कारण तोवर दिवस गेलेले असतात. मोळी पूजनाचा मुहूर्त तोंडावर असतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

म्हणून जिवाशी संबंधित कामं खातेवार यादीत घालूच नयेत. त्यांची रक्कम आधी बाजूला काढावी, मग उरलेल्यात मिल विरुद्ध डिस्टिलरी असा वाद घालावा. यार्डासाठी एकच जबाबदार अधिकारी नेमावा, त्याच्या टेबलावर अपघात आणि थोडक्यात वाचलेले प्रसंग लिहायची वही ठेवावी. हंगामभर ती वही भरली, तर पुढच्या मे महिन्यात यार्डाकडेही दाखवायला आकडे असतील. चिठ्ठीबॉय, क्रेनवाला, काट्यावरचा क्लार्क यांना कुठं धोका आहे हे तोंडपाठ असतं. त्यांना विचारायला खर्च काहीच नाही.

सहकारातला एक युक्तिवाद असा की, या खर्चाने सभासदाचा दर कमी होईल. प्रवरानगरपासून या जिल्ह्यात सहकारी साखर कारखानदारी वाढली, तेव्हापासून दराचा प्रश्न सभासदाच्या जिव्हाळ्याचा आहे. पण ट्रॅक्टर घेऊन यार्डात रात्रभर थांबणारा पोरगा बऱ्याचदा सभासदाचाच असतो.

पाऊस उघडीप देईल तेवढेच दिवस आता हातात आहेत. दिवे, मुरूम आणि संडास एवढी तीन कामं तरी रोलर पूजनाच्या आधी सुरू झाली का, हे सभासदांनी कारखान्यावर चक्कर मारून पाहता येईल. त्यासाठी सप्टेंबरची वाट बघायची गरज नाही.