शेजारचा हापसा कोणाचा?

बिहारमधला भोजपूर जिल्हा आपल्याला माहीत आहे तो १९९६ च्या बथानी टोला हत्याकांडामुळे. त्याच जिल्ह्यातल्या सेमरिया ओझापट्टी गावात २००२ साली हापशाच्या पाण्यात आर्सेनिक सापडले. त्याच्या कितीतरी आधी, १९८३ मध्ये, कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधले असे रुग्ण ओळखले होते. आज बलियापासून मालदा-मुर्शिदाबादपर्यंतचा गंगाकाठ या विळख्यात आहे.

हे विष कोणा कारखान्याने सोडलेले नाही. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात ते लोहाला चिकटून असते. जमिनीखाली प्राणवायू संपला की तिथून सुटते आणि पाण्यात उतरते. त्याला रंग, वास, चव काही नाही. पाणी उकळूनही ते जात नाही. लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा. त्याहून जास्त आर्सेनिक असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की छातीवर डाग उठतात, तळहात-तळपाय खरखरीत होतात आणि पुढे कॅन्सरही गाठतो. असे डाग अंगावर दिसले की मुलीचे लग्न अडते, ते वेगळेच.

आता जातीचा मुद्दा. गंगाकाठी हापशाला चापाकल म्हणतात. सरकारी योजनांतून गावोगाव पोचलेला ‘इंडिया मार्क टू’ हापसा आपल्या सोलापूरच्या पंपावरून घडवला गेला, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे. दलित टोल्यात हापसा आला तेव्हा पाण्याबरोबर आणखीही काही आले. सवर्णांच्या विहिरीपाशी घागर घेऊन, कोणीतरी वरून ओतेल म्हणून ताटकळणे संपले. १९२७ साली चवदार तळ्यावर जे मागितले होते, त्याचा निदान एक तुकडा स्वतःच्या अंगणात आला. नेमक्या त्याच पाण्यात विष निघाले आहे.

तज्ज्ञ सांगतात, उघड्या विहिरीचे पाणी हवेशी खेळते, म्हणून त्यात आर्सेनिक सहसा कमी असते. विहिरी साफ करा, क्लोरीन टाका आणि पुन्हा वापरा. विज्ञान म्हणून हे खरे आहे. पण विहीर कोणाची?

दुसरा उपाय त्याहून स्वस्त. आर्सेनिकचे प्रमाण पाच-पन्नास पावलांवर बदलते. एक हापसा विषारी, शेजारचा चांगला, असे होते. म्हणजे प्रत्येक हापसा तपासायचा, वाईटावर लाल खूण करायची आणि चांगल्यावर सगळ्यांनी पाणी भरायचे. यात खर्च फार नाही. अडते ते ‘सगळ्यांनी’ या शब्दावर. हापसा ज्याच्या अंगणात, त्याची जात तिथेच उभी असते. तेव्हा आर्सेनिक हा केवळ भूजलशास्त्राचा प्रश्न आहे असे म्हणणाऱ्यांशी आमचे मतभेद आहेत.

जलजीवन मिशन २०१९ मध्ये आले. बाधित वस्त्यांत नळ येईपर्यंत सामुदायिक शुद्धीकरण यंत्रातून माणशी रोज ८ ते १० लिटर पाणी द्यायचे, असे त्यात आहे. तेवढे पिण्याला आणि स्वयंपाकाला पुरावे. मात्र यंत्राला जागा लागते, आणि गावात जागा कोणाकडे असते ते वेगळे सांगायला नको. यंत्र जमीनदाराच्या दारात बसले की दलित टोला पुन्हा त्याच जुन्या विहिरीच्या काठावर उभा. म्हणून पहिले यंत्र आणि खोल बोअरचा पहिला नळ दलित-आदिवासी टोल्यात, सार्वजनिक जागेवरच हवा. सरकारी पैशाच्या विहिरी-तलावांवर कोणाला अडवता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये लिहिले आहे. पाणी भरू न देणे हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे.

तुमच्यापैकी कित्येक जण आपल्या घरातले पहिले पदवीधर आहात, काहींची पदवी रसायनशास्त्राची आहे. मिशनच्या नियमाप्रमाणे गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण द्यायचे असते. त्या पाच जणी कोणत्या टोल्यातल्या आहेत, हे ग्रामसभेत विचारा. तपासणीचा अहवाल हापशावार मागा, प्रत्येक हापशापुढे टोल्याचे नाव लिहून. आणि तो हिंदीत किंवा बांगलात, ज्यांना ते पाणी प्यायचे आहे त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा.