लोक येत नव्हते म्हणे!

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे एडिंबऱ्याला महिनाभर राहिलो होतो. एका सकाळी एकटाच आगगाडीत बसून गॅलाशील्स या गावी जाऊन आलो. तासाभराचा प्रवास. दोन्ही बाजूंना हिरव्या टेकड्या आणि त्यांवर चरणाऱ्या मेंढ्या. गावात नेदरडेल नावाचे रग्बीचे मैदान आहे, तिथेही एक फेरी मारली. संध्याकाळी जेवताना जावईबापूंना सहज विचारले, "इथे म्हणे पूर्वी मोठा व्यावसायिक संघ होता?" जावईबापू रग्बीचे शौकीन. म्हणाले, "होता बाबा. बॉर्डर रीव्हर्स. पण लोकच यायचे नाहीत, मग बंद केला." आणि त्यांनी आमटी वाढून घेतली.

त्यांच्यापुरता विषय संपला. माझा संपला नाही. 'लोकच यायचे नाहीत' हे वाक्य मी नोकरीत असताना इतक्या वेळा ऐकले आहे, की ते कानावर पडले की मला झोप येत नाही. परत आल्यावर या संघाबद्दल जे मिळेल ते वाचून काढले. रग्बी मी आयुष्यात खेळलेलो नाही. तो अंडाकृती चेंडू हातात धरलेलाही नाही. पण एखादी संस्था बंद कशी पाडतात, हे मला चांगले कळते.

आधी हा मुलूख कसा आहे ते सांगतो. सीमाभाग म्हटले की आपल्याला बेळगाव आठवते. हा सीमाभाग स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या हद्दीवरचा. हॉइक, गॅलाशील्स, मेलरोज, केल्सो, जेडबरा, सेल्कर्क अशी लोकरीच्या गिरण्यांवर वाढलेली छोटी छोटी गावे. सारा भाग मिळून लोकसंख्या लाखाच्या थोडी वर, म्हणजे स्कॉटलंडच्या साधारण पन्नासावा हिस्सा. पण रग्बी या मातीत मुरलेली. इथल्या गावांची 'बॉर्डर लीग' १९०१ सालची. जगातली सर्वांत जुनी रग्बी युनियन लीग म्हणून ती ओळखली जाते. त्याही आधी, १८८३ साली, मेलरोजच्या क्लबला पैशांची चणचण होती. तेव्हा नेड हेग नावाच्या, खाटिकाच्या दुकानात काम करणाऱ्या खेळाडूने सुचवले, की पंधराऐवजी सात-सात जणांचे छोटे सामने भरवू आणि तिकिटांतून पैसे उभे करू. त्यातून 'सेव्हन्स' हा प्रकार जन्मला आणि २०१६ साली तो ऑलिंपिकपर्यंत गेला. पैसे नव्हते तेव्हा या गावाने काय केले, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

स्कॉटलंड आणि इंग्लंड ज्या चषकासाठी खेळतात तो 'कलकत्ता कप'. कलकत्त्यातला क्लब बंद झाला, तेव्हा खात्यात उरलेले चांदीचे रुपये वितळवून तो १८७८ साली घडवला. म्हणजे चांदी आपल्याकडच्या रुपयांचीच! १९९० च्या मार्चमध्ये एडिंबऱ्याच्या मरेफील्ड मैदानावर स्कॉटलंडने इंग्लंडला १३-७ असे हरवून तो कप आणि ग्रँड स्लॅम असे दोन्ही जिंकले. तो सामना तिथली म्हातारी माणसे अजून विसरलेली नाहीत. त्या पंधरा जणांत जेडचा गॅरी आर्मस्ट्राँग, केल्सोचा जॉन जेफ्री, मेलरोजचा क्रेग चामर्स, सेल्कर्कचा इवान टुकालो आणि निर्णायक ट्राय करणारा हॉइकचा टोनी स्टँजर असे पाच जण सीमाभागातल्या क्लबांचे होते. देशाच्या पन्नासाव्या हिश्श्यातून संघाचा तिसरा हिस्सा. आणि म्हणे इथे रग्बीला लोक नाहीत!

या स्टँजरला शाळेत शिकवणारे व्यायामशिक्षक होते बिल मॅकलारेन. ब्रिटनभर लोक त्यांना 'रग्बीचा आवाज' म्हणून ओळखत. क्षयाने त्यांचे स्वतःचे खेळणे तरुणपणीच थांबले. मग त्यांनी हॉइकच्या शाळांतून मुले घडवली आणि २००२ पर्यंत समालोचन केले. जगभर नाव झाले, तरी गाव सोडले नाही. ज्या गावात असा मास्तर आहे, तिथे खेळ मरत नाही. तो मारावा लागतो.

आता कसा मारला ते पाहू. १९९५ च्या ऑगस्टमध्ये रग्बी युनियन व्यावसायिक झाली. तोवर खेळायचे पैसे घेणे म्हणजे पाप होते. स्कॉटिश रग्बी युनियनने १९९६ साली चार विभागीय संघ व्यावसायिक केले: एडिंबरा, ग्लासगो, उत्तर-मध्य भागाचा कॅलेडोनिया रेड्स आणि सीमाभागाचा संघ. दोनच वर्षांत, १९९८ मध्ये, खर्च झेपत नाही म्हणून चाराचे दोन केले. कॅलेडोनिया ग्लासगोत गेला आणि सीमाभाग एडिंबऱ्यात. नव्या संघाचे नाव ठेवले 'एडिंबरा रीव्हर्स'.

'रीव्हर्स' म्हणजे काय? जुन्या काळी या सरहद्दीवर घोड्यांवरून येऊन गुरे पळवणारे लुटारू. हे नाव सीमाभागाचे, रक्तातले. एडिंबऱ्याच्या वकील-बँकवाल्यांचा त्याच्याशी काय संबंध? पण संघ गेला, मैदान गेले आणि नावही राजधानीने नेले. लुटारूंनाच लुटले, याला म्हणतात शहाणपण. आणखी एक गंमत पाहा. घरचा संघ विसर्जित झाला त्याच १९९८ साली गॅरी आर्मस्ट्राँग आणि मेलरोजचा उंचापुरा डॉडी वीअर हे हद्दीपलीकडच्या न्यूकॅसलकडून खेळत होते, आणि न्यूकॅसलने इंग्लंडची लीग जिंकली.

चार वर्षांनी, २००२ मध्ये, युनियनला उपरती झाली. सीमाभागाचा संघ पुन्हा उभा राहिला, नेदरडेल हे घरचे मैदान ठरले आणि सेल्टिक लीगमध्ये प्रवेश मिळाला. आर्मस्ट्राँग आणि वीअर कारकिर्दीच्या अखेरीला घरी परतले आणि २००४ मध्ये निवृत्त झाले. ग्रेगर टाउनसेंडही आला. केली ब्राउन, रॉस फोर्ड, ख्रिस क्युसिटर अशी तरुण मुले इथे तयार होऊ लागली. २००५ मध्ये 'बॉर्डर रीव्हर्स' हे नावही मिळाले. मूळ मालकाला त्याचीच वस्तू परत! आणि २००७ च्या मार्चमध्ये युनियनने जाहीर केले, की हंगाम संपताच संघ बंद. मे महिन्यात नेदरडेलवर शेवटचा सामना झाला. वेल्सच्या ऑस्प्रीजनी तो २४-१६ असा जिंकला आणि त्याच सामन्यात लीगचे विजेतेपदही मिळवले. एकाच मैदानावर एकाचा जल्लोष आणि दुसऱ्याचे तेरावे. पुनर्जन्माचे आयुष्य पाच हंगाम.

कारण? युनियनच्या डोक्यावर दोन कोटी पौंडांहून अधिक कर्ज होते. मरेफील्डची नव्याने केलेली बांधणी आणि पुढे वर्षानुवर्षे साचत गेलेली तूट यांचा तो बोजा. राजधानीतल्या स्टेडियमचे आणि राजधानीतल्या कारभाराचे ओझे, आणि पाने कोणाची कापली? ज्याच्या घरात सर्वांत कमी माणसे त्याची.

जावईबापूंची बाजूही प्रामाणिकपणे मांडतो, नाहीतर ते म्हणतील बाबांनी एकतर्फी निकाल दिला. नेदरडेलवर गर्दी कमी होती, हे खरे. शेवटच्या हंगामात संघ तक्त्याच्या तळाशी होता, हेही खरे. आणि या गावांचे एकमेकांशी हाडवैर आहे. हॉइकच्या माणसाला गॅलाशील्सला जाऊन 'आपला संघ' म्हणायला जीभ रेटत नाही. बॉर्डर लीगमध्ये शंभर वर्षे ज्यांना आपटले, त्यांच्याच अंगणात टाळ्या कशा वाजवायच्या? हा दोष त्या लोकांचा आहे, मी नाकारत नाही.

पण शंभर वर्षांचे वैर विरघळायला किती वेळ दिला? पहिल्यांदा दोन वर्षे, मग चार वर्षे कुलूप, मग पाच वर्षे. मधल्या काळात जो मुलगा दहा वर्षांचा होता, त्याने निष्ठा कोणाला वाहायची? लीगचे सामने पुष्कळदा शुक्रवारी रात्री. हॉइकहून नेदरडेल तीसएक किलोमीटर, आणि आगगाडी नाही. कारण एडिंबऱ्याहून हॉइककडे जाणारा लोहमार्ग 'परवडत नाही' म्हणून १९६९ च्या जानेवारीतच बंद केलेला. आधी रस्ता काढून घ्यायचा आणि मग म्हणायचे, पाहा, कोणी येत नाही!

हे मला नवे नाही. आमच्या शाळेत आधी एक शिक्षक बदलून गेले, जागा भरली नाही. मग पावसाळ्यात एस.टी.ची फेरी रद्द झाली. दोन वाड्यांची मुले यायची थांबली. मग साहेब आले, हजेरीपट उघडला आणि म्हणाले, "गुरुजी, पट कुठे आहे?" पट खोटा नव्हता, साहेबांनी मोजलाही नीट होता. पण तो कमी कसा झाला, हा प्रश्न हजेरीपटात लिहिलेला नसतो. आकडा बोलतो खरा, पण मागची गोष्ट सांगत नाही. आणि बंद करणाराला नेमका तेवढाच आकडा हवा असतो.

कोणी म्हणेल, गुरुजी, भावनेवर संघ चालत नाहीत. ठीक. मग व्यवहाराचे उदाहरण देतो. आयर्लंडच्या पश्चिमेला कॉनाक्ट नावाचा प्रांत आहे. चार प्रांतांत सर्वांत कमी वस्तीचा, रग्बीतही गरीब भाऊ. २००३ च्या जानेवारीत आयरिश युनियननेही अगदी हाच विचार केला, की पैसे वाचवायला कॉनाक्टचा व्यावसायिक संघ बंद करावा. तिथले लोक डब्लिनला गेले, रस्त्यावर उतरले, युनियनच्या दारापर्यंत मोर्चा नेला. युनियनला माघार घ्यावी लागली. संघ पुढेही वर्षानुवर्षे खालच्याच जागांवर चाचपडत राहिला, पण राहिला. आणि २०१६ च्या मे महिन्यात त्याच कॉनाक्टने डब्लिनच्या बलाढ्य लेन्स्टरला २०-१० असे हरवून लीग जिंकली. अंतिम सामना कुठे झाला असेल? मरेफील्डवर! ज्या मैदानाच्या कर्जासाठी सीमाभागाचा बळी गेला, त्याच मैदानावर, बळी जाता जाता वाचलेला संघ चषक उंचावून उभा होता. कॉनाक्टला ते शिखर गाठायला मोर्चानंतर तेरा वर्षे लागली. बॉर्डर रीव्हर्सना दुसऱ्या खेपेला मिळाली पाच.

आणि सीमाभागातून पुढे काय आले? तिथल्या मातीने देणे थांबवले नाही. संघ बंद झाल्यावर केल्सोचा रॉस फोर्ड एडिंबऱ्याला गेला. २०१७ साली त्याने स्कॉटलंडकडून ११० वा सामना खेळून सर्वाधिक सामन्यांचा विक्रम केला. मोडला कोणाचा? गॅलाशील्सच्या ख्रिस पॅटरसनचा. मेलरोजचा केली ब्राउन ग्लासगोला गेला आणि पुढे देशाचा कर्णधार झाला. टाउनसेंड २०१७ मध्ये देशाचा प्रशिक्षक झाला. हॉइकचा स्टुअर्ट हॉग संघ बंद झाला तेव्हा पंधरा वर्षांचाही नव्हता. तो ग्लासगोत मोठा झाला. म्हणजे पेरणी सीमाभागाची, कापणी शहरांची. ही व्यवस्था आपल्या खेड्यांना समजावून सांगावी लागणार नाही.

मधे २०१९ मध्ये युनियनने सहा क्लबांची अर्धव्यावसायिक स्पर्धा काढली. मेलरोजला 'सदर्न नाइट्स' नावाचा संघ मिळाला. २०२४ नंतर ती स्पर्धाही गुंडाळली. पुन्हा पाचच वर्षे! मास्तर असतो तर म्हटले असते, या मुलाला धडा येत नाही असे नाही, हा दर वेळी पाचव्या पानावर पुस्तक मिटतो.

आता शेवटचे सांगतो आणि थांबतो. ज्या आगगाडीने मी गॅलाशील्सला गेलो, ती गाडी म्हणजे १९६९ साली 'परवडत नाही' म्हणून बंद केलेल्या लोहमार्गाचाच तुकडा. लोक भांडत राहिले आणि २०१५ च्या सप्टेंबरमध्ये ट्वीडबँकपर्यंतचा, तीस मैलांचा मार्ग पुन्हा सुरू झाला. पहिल्याच वर्षी दहा लाखांहून अधिक वेळा लोकांनी त्यातून प्रवास केला. हॉइकपर्यंत मात्र तो पोचला नाही. सेहेचाळीस वर्षे 'लोक नाहीत' म्हणून सांगितले जात होते. लोक होते. गाडी नव्हती.

हे सगळे मी जावईबापूंना फोनवर सांगितले. ते भले गृहस्थ, शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पण बाबा, पैसे कुठून आणायचे होते?" प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे दोन कोटी पौंड नाहीत. पण १८८३ साली मेलरोजच्या क्लबकडेही पैसे नव्हते. त्यांनी क्लब बंद केला नाही, नवा खेळ काढला. युनियनला दोनदा संधी मिळाली, आणि दोन्ही वेळा तिला एकच गोष्ट सुचली. तेव्हा बंद करायचे तर करा, तुमच्या हातात किल्ली आहे. पण कुलूप लावताना दारावर 'लोक येत नव्हते' अशी पाटी तरी लावू नका.