सरपणाचा छंद आणि कटरची शिस्त

१५ फेब्रुवारी २०१३ च्या शुक्रवारी संध्याकाळी नॉर्वेच्या ‘एनआरके’ या सार्वजनिक वाहिनीने बारा तासांचा एक कार्यक्रम सुरू केला. विषय एकच, जळाऊ लाकूड. पहिले चार तास लाकूड तोडावे कसे, फोडावे कसे, रचावे कसे यावर जाणकार बोलले. पुढचे आठ तास पडद्यावर फक्त एक पेटती शेगडी होती आणि अधूनमधून कोणीतरी तिच्यात ओंडका सारत होते. पन्नास लाख वस्तीच्या त्या देशातल्या जवळपास दहा लाख लोकांनी कार्यक्रमाचा काही ना काही भाग पाहिला. थप्पी रचताना साल वरच्या अंगाला हवी की खालच्या, यावरून प्रेक्षकांत दोन तट पडले आणि दोन्ही बाजूंनी तक्रारीचे संदेश आले.

या कार्यक्रमाचे मूळ लार्स मिटिंग या लेखकाच्या २०११ मधल्या पुस्तकात होते. लाकूड तोडणे, वाळवणे, रचणे आणि जाळणे एवढ्याच विषयावरचे ते पुस्तक नॉर्वे आणि स्वीडनमध्ये लाखोंनी खपले.

हे वाचक-प्रेक्षक काही गरजेपोटी रानात जात नाहीत. नॉर्वेची बहुतांश वीज जलविद्युत प्रकल्पांतून येते आणि खटका दाबला की घर गरम होते. तरीही हजारो कुटुंबे हिवाळा सरता सरता चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, घेऊन रानात शिरतात. अमेरिका, कॅनडा, फिनलंडमध्येही हेच दिसते. आठवडाभर संगणकासमोर बसणारा माणूस रविवारी झाड पाडतो, ओंडके फोडतो आणि संध्याकाळी अंगणातली थप्पी निरखत उभा राहतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे श्रीमंतांचे खूळ वाटू शकते, आणि ते समजण्यासारखे आहे. डोंगर उतरून मोळी आणणाऱ्या बाईला त्यात छंद दिसणार नाही. तिच्यासाठी सरपण म्हणजे मानेवरचे ओझे आणि डोळ्यांतला धूर. पण या छंदाकडे गांभीर्याने पाहायला हवे. चेनसॉ आता आपल्याकडेही ‘कटर’ म्हणून गावोगाव पोहोचला आहे, आणि तो सांभाळायची रीत या छंदवाल्यांनी नीट बसवली आहे.

या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी करवत बनवली, ती उचलायला दोन माणसे लागत. एका माणसाला पेलेल असे त्यांच्या कंपनीचे पेट्रोलवरचे यंत्र १९५० मध्ये आले. मधल्या काळात अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला वेगळेच काही सापडले. तेव्हाच्या साखळ्यांचे दात लवकर बोथट होत, घासत बसण्यातच वेळ जाई. एके दिवशी त्यांना बुंध्यात भुंगेऱ्याची अळी दिसली. कडक लाकूड ती उभे-आडवे कसेही पोखरत होती. तिचे जबडे ‘सी’ अक्षरासारखे बाकदार होते आणि ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असे आळीपाळीने कुरतडत होती. कॉक्स यांनी साखळीचे दात तसेच बाकदार आणि आलटूनपालटून दोन्ही बाजूंना बसवले. १९४७ मध्ये विकायला आलेल्या त्या साखळीचीच सुधारित रूपे आज जगभर चालतात.

अशी साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास पळते. पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशाला अडकला, की यंत्र पापणी लवायच्या आत चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. म्हणून पुढच्या मुठीसमोर साखळी थांबवणारा ब्रेक असतो. म्हणून चालवणारा खास पँट घालतो. तिच्या अस्तरात लांब, सैल धाग्यांचे थर असतात. साखळी कापडाला लागली की हे धागे ओढले जाऊन दातेरी चक्रात गुंततात आणि साखळी जागीच अडकते. शिरस्त्राण, चेहऱ्यावरची जाळी, कानांवरची झाकणे, पोलादी टोकाचे बूट हे सगळे तिच्या जोडीला असते. एवढे असूनही अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या माहितीनुसार तिथे दरवर्षी सुमारे ३६ हजार लोक चेनसॉच्या जखमा घेऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात येतात. स्वीडनमध्ये पोटासाठी हे यंत्र चालवणाऱ्याला शिकून परीक्षा द्यावी लागते. नुसते घरचे सरपण तोडायला आलेल्या हौशी माणसाकडेही अनेक वनमालक ते प्रमाणपत्र मागतात.

तोडणे हा कामाचा छोटा भाग आहे. ओल्या लाकडाचे जवळपास निम्मे वजन पाण्याचे असते. ते तसेच जाळले तर उष्णता पाणी आटवण्यात जाते, धूर वाढतो आणि धुराड्यात काजळी-डांबराचा थर बसतो, जो पुढे स्वतःच पेट घेऊ शकतो. त्यामुळे झाडात रस चढण्याआधी लाकूड तोडायचे, लगेच फोडायचे आणि वारा खेळेल असे रचून उन्हाळाभर वाळू द्यायचे, असा उत्तरेकडचा रिवाज आहे. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली आला की लाकूड जाळण्याजोगे झाले. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर वाळलेल्या खणखणतात, ओल्या ‘धप्प’ वाजतात. बर्च झाडाच्या लाकडाची आणखी एक परीक्षा आहे. एका टोकाला भांडी घासायचा साबण लावायचा आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकर मारायची. बुडबुडे आले, म्हणजे आतल्या नळ्यांमधले पाणी गेले. इंग्लंडने तर १ मे २०२१ पासून ही गोष्ट कायद्यातच आणली. तिथे दोन घनमीटरपेक्षा कमी जळण विकायचे तर त्याचा ओलावा वीस टक्क्यांच्या आत असावा लागतो.

लाकडाचा धूर निरुपद्रवी आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. नॉर्वेच्या हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांच्या मोठ्या स्रोतांपैकी घरगुती लाकूडजळण हा एक आहे, आणि म्हणूनच तिथे १९९८ पासून नव्या शेगड्यांना धुराची मर्यादा घालून दिली आहे. छंद जपायचा तर शेजाऱ्याची फुप्फुसेही जपली पाहिजेत.

झाड कोणाचे, हा प्रश्नही तेवढाच मोठा. अमेरिकेत राष्ट्रीय वनांमधून घरापुरते सरपण आणायला वनसेवा परवाना देते. साधारणपणे मेलेले किंवा उन्मळून पडलेले झाडच तोडायची मुभा असते, जागा ठरवून दिलेली असते आणि वणवा लागू नये म्हणून यंत्राच्या धुराच्या नळीला ठिणगीरोधक जाळी सक्तीची असते. आणलेले लाकूड दूर नेऊ नये, असेही तिथे कळकळीने सांगितले जाते. २००२ मध्ये मिशिगनमध्ये आशियातून आलेला एक हिरवा भुंगेरा सापडला. त्याने पुढे कोट्यवधी ॲश वृक्ष मारले, आणि तो दूरदूर पोहोचण्यात सहलीला निघालेल्या लोकांच्या गाडीतल्या सरपणाचा मोठा हात होता.

या शिस्तीतून काय उभे राहते, ते अमेरिकेतल्या ‘लाकूड बँकां’मध्ये दिसते. मेन राज्यासारख्या थंड भागांत स्वयंसेवक शनिवार-रविवारी जमतात, दान आलेले ओंडके कापतात, फोडतात, वाळवतात आणि ज्या घरात म्हातारी माणसे आहेत किंवा जळणाला पैसे नाहीत, तिथे पोहोचवतात.

आता आपल्याकडे वळू. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आणि आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. रस्ते मोकळे करायला आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान कटर घेऊन उतरले. वाड्या-बागांमधली पडझड मात्र लोकांनाच उपसावी लागली. चेनसॉच्या कामात पडलेले झाड फार धोक्याचे असते. दोन्ही टोकांना टेकलेल्या खोडाचा वरचा भाग दाबलेला आणि खालचा ताणलेला असतो. कापायला वरून सुरुवात करून तसेच खाली गेले की पाते चिमटीत सापडते. मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापून वेगळा केला, की मुळांचा मातीसकट गड्डा झटक्यात परत खड्ड्यात कोसळू शकतो आणि मागे उभा असलेला माणूस त्याच्याखाली येतो. हे ज्याला कोणी शिकवले नाही, त्याने ते अपघातातून शिकावे अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे.

आज हे यंत्र तालुक्याच्या बाजारात सहज मिळते. ते लुंगी-बनियनवर, पायात स्लिपर घालून, कानात काही न घालता चालवणारे लोक कोणत्याही गावात दिसतात. झाडाविषयी कायदा आहे. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याने आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ अशी झाडे खासगी जमिनीवरही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पण तोडणाऱ्या हाताची, पायाची काळजी कोण घेणार? फिलिपिन्सने २००२ मध्ये कायदा करून प्रत्येक चेनसॉची सरकारदरबारी नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्राने सुरुवात प्रशिक्षणापासून करावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्र महाविद्यालय आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आणि आयटीआय आहेत. तिथे कटर चालवण्याचे, धार लावण्याचे आणि पडलेल्या झाडातला ताण ओळखण्याचे थोड्या दिवसांचे वर्ग सहज घेता येतील. यंत्रावर अनुदान द्यायचे असेल, तर त्यात पँट आणि शिरस्त्राण धरलेच पाहिजे. नगरपालिकांनी फांद्या छाटण्याचे कंत्राट देताना कामगारांचे प्रमाणपत्र मागावे.

आगोटीच्या तयारीत कोकणात घरोघर सरपण फोडले जाते आणि त्याच सुमारास अरबी समुद्रात वादळेही उठतात. म्हणून हे वर्ग एप्रिल संपायच्या आत व्हायला हवेत आणि पहिली तुकडी ज्या गावांनी निसर्ग सोसले, तिथल्या तरुणांची असावी.