एका जखमेचे दोन दावे

आमच्या माणसास मारहाण झाली, वाहनाने ठोकरले किंवा कामावर त्याचा हातपाय मोडला, म्हणजे दोन सल्ले त्याच्या दारी चालत येतात. पहिला असा की, चार पैसे घे आणि तक्रार मिटव. दुसरा असा की, पोलिसांत वर्दी दिलीस ना, आता कोर्ट काय ते करील. तू स्वस्थ बैस. बंधूभगिनींनो, हे दोन्ही सल्ले घातक आहेत आणि दोहोंच्या मुळाशी एकच अज्ञान आहे. एका जखमेतून कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र गोष्टी निर्माण होतात, हे आम्हांस कोणी समजावून सांगितलेले नाही.

पहिली गोष्ट गुन्ह्याची. फौजदारी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. त्यात तुम्ही फिर्यादी व साक्षीदार असता, आणि त्याचा हेतू गुन्हेगारास शासन व्हावे हा असतो. दुसरी गोष्ट नुकसानीची. बुडालेली मजुरी, औषधपाण्याचा खर्च, कायमचे आलेले अपंगत्व यांचा हिशेब तुमचा स्वतःचा आहे, आणि तो दिवाणी न्यायालयापुढे किंवा नेमलेल्या न्यायाधिकरणापुढे तुम्हांसच मांडावा लागतो. पुराव्याचे मापही दोहोंकडे वेगळे आहे. शिक्षेसाठी गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. भरपाईसाठी कोणाची बाजू अधिक संभवनीय आहे एवढेच पाहिले जाते. म्हणून आरोपी फौजदारीत सुटला, की भरपाईचा हक्कही बुडाला, असे समजू नये.

महाडचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतणाऱ्या आमच्या लोकांवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी आपल्या लोकांस प्रतिहल्ल्यापासून आवरले. मारहाणीचा खटला फौजदारी न्यायालयात चालून काही हल्लेखोरांस त्याच वर्षी शिक्षा झाल्या. तळ्यावरील हक्काचा दिवाणी दावा मात्र निराळा चालला आणि त्याचा अखेरचा निकाल उच्च न्यायालयातून १७ मार्च १९३७ रोजी लागला. एकाच प्रसंगातून निघालेल्या त्या दोन वाटा होत्या, आणि एकीवर यश मिळाले म्हणून बाबासाहेबांनी दुसरी सोडली नाही.

आजचे उदाहरण गटाराचे घ्या. माणसास संरक्षक साधनांवाचून गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरविणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तसा मृत्यू घडल्यास वारसांस ३० लाख रुपये, कायमचे अपंगत्व आल्यास किमान २० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी दिला आहे. ठेकेदार प्रेताजवळ उभा राहून पन्नास हजारांचे पाकीट पुढे करतो, तेव्हा तो औदार्य दाखवीत नसतो. खटला आणि भरपाई ही दोन्ही तो स्वस्तात विकत घेत असतो. त्या वेळी कोणत्याही कागदावर अंगठा उठवू नये.

रस्त्यावरील अपघातातही चालकावरील खटला वेगळा आणि मोटार अपघात न्यायाधिकरणापुढील दावा वेगळा. या दाव्यास २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. खटल्याच्या निकालाची वाट पाहत बसणारा ही मुदत गमावून बसतो.

पोलीस ठाण्यात काय होते तेही जाणून घ्या. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. साधी दुखापत अदखलपात्र असते, पोलीस एन.सी. नोंदवून घरी पाठवितात आणि न्यायाधीशाच्या हुकुमावाचून तपास करीत नाहीत. परंतु हाड मोडले, दात पडला किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना झाल्या, तर ती जबर दुखापत होय आणि ती दखलपात्र आहे. म्हणून प्रथम सरकारी दवाखान्यात जाऊन प्रत्येक जखमेची नोंद करून घ्यावी. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यास घ्यावी लागते व तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवावी. तेथेही दाद न लागल्यास न्यायाधीशाकडे जावे.

धर्मांतराने अत्याचारविरोधी कायद्याचे संरक्षण गेले, असे आमच्या नवदीक्षित कुटुंबांस मुद्दाम भासविले जाते. ते असत्य आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस अनुसूचित जातींत स्थान मिळाले आहे. म्हणून १९८९ चा कायदा त्यांसही लागू आहे. त्याखालील गुन्हे दखलपात्र आहेत, आणि सरकारी साहाय्य निकालाची वाट न पाहता टप्प्याटप्प्याने मिळावयाचे असते. यासाठी जातीचा दाखला जपून ठेवावा.

उलट, तुमच्यावरच फिर्याद झाली तर? फिर्याद देणाऱ्यावर उलट फिर्याद करणे ही गावोगावची जुनी रीत आहे. तिने गांगरून जाऊ नये. आरोप म्हणजे दोष नव्हे. अटकेचे कारण जाणण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे केले जाण्याचा हक्क घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने प्रत्येकास दिला आहे. वकिलास देण्यास पैसे नाहीत, ही सबबही उरलेली नाही. १९८७ च्या कायद्यान्वये अनुसूचित जातीच्या माणसास, तसेच प्रत्येक स्त्रीस, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी.

कोणी म्हणेल, बौद्धाने क्षमा करावी. जरूर करावी; मनात वैर धरू नये. परंतु भयाने किंवा चार पैशांसाठी हक्क सोडून देणे ही क्षमा नव्हे, शरणागती होय. जे भोगले ते नशिबाने, हा विचार आम्ही जुन्या धर्माबरोबर मागे टाकला आहे. प्रत्येक दुःखास कारण असते, आणि जखमेच्या कारणास बहुधा नाव व पत्ताही असतो. तो कागदावर लिहून घ्या. गुन्ह्याचे शासन समाजासाठी मागा, नुकसानीची भरपाई आपल्या लेकराबाळांसाठी मागा, आणि एकीची किंमत म्हणून दुसरी कधीही देऊ नका.